दारात दुरांटा नको, करवंद लावा

नोकरीतली शिल्लक आणि पतपेढीचे कर्ज एकत्र करून आपल्यापैकी अनेकांनी शहराच्या कडेला लहानसा प्लॉट घेतला आणि त्यावर दोन-तीन खोल्या बांधल्या. घर उभे राहिले की घरापुढच्या पाच-सहा फूट जागेकडे लक्ष जाते. तेथे काहीतरी बारमाही हिरवे असावे, त्याला फुले यावीत, रंगीत फळांचे घोस लटकावेत असे घरातल्या सर्वांनाच वाटते. मग आपण रोपवाटिकेत जातो. तेथे स्वस्तातले, झटपट वाढणारे, पिवळ्याधमक मण्यांचे झुडूप पुढे केले जाते. आपण ते आणतो आणि हौसेने कुंपणाला ओळीने लावतो. त्या मण्यांत काय भरलेले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. ज्या घरात लहान मूल दुडुदुडु धावते त्या घराला तरी हे ठाऊक असलेच पाहिजे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सदाहरित फळझुडूप म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे भेटकार्डावरचे चित्र येते. चकचकीत काटेरी कडांची पाने आणि त्यात लालचुटुक फळे. ते होली नावाचे झाड. ते युरोपातले आहे, त्याला थंडी लागते, शिवाय त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. जवळपास नर झाड नसेल तर मादी झाडाला फळ धरत नाही. आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्याचा नाद धरण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या वाचकांच्या दारात ते जरूर असेल. त्यांनीही मुलांना ती लाल फळे खाऊ देऊ नयेत, ती पोटाला बाधतात.

आता आपल्याकडच्या पिवळ्या मण्यांकडे येऊ. हे झुडूप म्हणजे दुरांटा. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा भाग आणि वेस्ट इंडीजची बेटे हे त्याचे मूळ घर. सोळाव्या शतकातील कास्तोर दुरांते नावाच्या इटालियन वैद्याच्या नावावरून त्याला हे नाव पडले. निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके आणि त्यांच्या पाठोपाठ सोन्याच्या मण्यांसारखे फळांचे घोस, असे त्याचे रूप आहे. दिसायला ते देखणे आहे हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्याची फळे आणि पाने दोन्ही विषारी आहेत. फळे खाऊन लहान मुले, कुत्री व मांजरे दगावल्याच्या नोंदी वनस्पतींच्या ग्रंथांत आहेत. पाखरे ती बिनधास्त खातात, त्यांना काही होत नाही. येथेच फसगत होते. बुलबुल खातो म्हणजे ते खाण्याजोगे असणार, असे मुलालाच काय, मोठ्यांनाही वाटते.

ह्याच दुरांट्याची पिवळ्या पानांची एक जात आहे. नगरपालिकेच्या बागांत आणि महामार्गाच्या दुभाजकांवर ती आपण नेहमी पाहतो. फांदी खोचली की लागते, रोप स्वस्त पडते, म्हणून ठेकेदारांना ती फार प्रिय. ती सतत कातरत राहिले तर तिला फळ क्वचितच येते. पण कातरणी दोन हंगाम थांबली की तीही फुलते आणि फळते. आम्ही अशा बालवाड्या पाहिल्या आहेत, ज्यांच्या कुंपणाला नेमके हेच झुडूप आहे आणि मधल्या सुट्टीत मुले त्याच्या आडोशाला बसून डबा खातात. ही निवड कोणी जाणूनबुजून केलेली नसते. जे मिळाले ते लावले, एवढेच. पण समाजमंदिर, वाचनालय किंवा बालवाडीच्या आवारात झाडे लावण्याचे काम ज्या कार्यकर्त्यांकडे असते, त्यांनी तरी यादी करताना हे नाव खोडावे.

दुसरे नाव घाणेरीचे, म्हणजेच टणटणीचे. आज हिला कोणी मुद्दाम लावत असेल तर नवल. पण ही आपल्या देशात आली ती शोभेचे झुडूप म्हणूनच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तिला हौसेने आणले गेले. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बी सर्वत्र टाकली आणि साहेबांच्या बागेतले कुंपण देशभरच्या रानांत शिरले. तिच्याखाली गवत उगवत नाही. दुष्काळात चारा नसला की गुरे तिचा पाला खातात. त्यांना कावीळ होते, अंगावरचे कातडे उन्हाने भाजल्यासारखे सोलवटते आणि उपचार झाले नाहीत तर जनावर हातचे जाते. तिची पिकलेली काळी फळे खेड्यातली मुले खातात, पण हिरवी कच्ची फळे विषारी आहेत. अलीकडे रोपवाटिकांत तिचे ठेंगणे, रंगीत प्रकार मिळतात. नाव गोंडस असले तरी झाड तेच आहे हे लक्षात ठेवावे.

जाता जाता पिवळ्या कण्हेरीचाही उल्लेख केला पाहिजे. तिच्या त्रिकोणी बिया, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, मुले खेळायला घेतात. त्या बिया हृदयावर आघात करणाऱ्या आहेत. एखाद-दुसरी बी चघळणेसुद्धा जिवावर बेतू शकते.

एखाद्या मुलाने अशी फळे तोंडात घातलीच तर घाबरून मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोटे घालून उलटी काढू नये. तोंडात राहिलेले काढून टाकावे, पाण्याने तोंड धुवावे आणि त्या झुडपाची फळांसकट डहाळी बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठावा. डहाळी डोळ्यांपुढे असली की कोणते विष पोटात गेले हे डॉक्टरांना चटकन कळते. मांत्रिक, उतारा, दृष्ट काढणे यात एक मिनिटही घालवू नये.

मग लावायचे काय? आमच्या मते दोन झुडपे पुरेशी आहेत आणि दोन्ही आपल्याच मातीतली आहेत.

पहिले कुंती. काही जण हिला कामिनी म्हणतात. लिंबाच्या कुळातले हे झुडूप कढीपत्त्याचे जवळचे नातलग आहे. पाने लहान, गर्द आणि चकचकीत. पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा बहर आला की वास चार घरे ओलांडून जातो आणि मागाहून लांबट लाल-नारिंगी फळे लागतात. ही मुलांसाठी खाऊ नव्हेत, पाखरांसाठी आहेत. सावलीत, अर्ध्या उन्हात, चौदा इंची कुंडीतही कुंती चालते, म्हणून चाळीच्या गॅलरीत किंवा इमारतीच्या गच्चीवर राहणाऱ्यांना ती सोयीची. सारखी कातरू नये, नाहीतर फुलेही जातात आणि फळेही. एक सावधगिरी मात्र नागपूर-अमरावतीकडच्या वाचकांसाठी. संत्रा-मोसंबीवर जो सिट्रस सायला नावाचा बारीक किडा रोग पसरवतो, त्याला कुंती फार आवडते. ज्यांचे घर संत्र्याच्या बागेला लागून आहे त्यांनी कुंती लावू नये.

दुसरे आणि आमच्या खऱ्या आवडीचे झुडूप म्हणजे करवंद.

करवंद आणि शोभेचे झाड? असे विचारणारे भेटतील. उन्हाळ्यात कसारा, कर्जत, लोणावळ्याच्या बाजूला कातकरी, ठाकर भगिनी पानांच्या द्रोणात जी ‘डोंगरची काळी मैना’ विकतात तिला आपण रानमेवा समजतो. ती बागेत शोभेल असे आपल्या मनात येत नाही. प्रत्यक्षात तिचे झुडूप नीट पाहा. पाने बारमाही हिरवी आणि तकतकीत. फुले पांढरी, चांदणीसारखी, मंद वासाची. फळे आधी हिरवी, मग गुलाबी आणि शेवटी जांभळी-काळी. एकाच घोसात हे तिन्ही रंग एकदम दिसतात. जोडकाट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत आणि भुरटा चोरही दोनदा विचार करतो. तारेच्या कुंपणाला पैसे लागतात, तार गंजते, चोरीलाही जाते. करवंदाचे कुंपण दर वर्षी अधिक दाट होते.

मुलांच्या दृष्टीने तर याला तोड नाही. पिकलेले फळ दाताने फोडायचे. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ आमच्या पिढीने मे महिन्याच्या सुट्टीत खेळला आहे. दुरांट्याच्या कुंपणाशी मूल गेले की आईच्या छातीत धस्स व्हावे, आणि करवंदाच्या कुंपणाशी गेले तर फार तर काटा टोचेल म्हणून तिने हाक मारावी, एवढा हा फरक आहे.

गंमत अशी की करवंद ज्या कुळातले, त्याच कुळात कण्हेर आणि ती जहाल बिट्टीही आहे. तोडले की तिघांतूनही पांढरा चीक येतो. एक मारते, दुसरे पोट भरते. कुळावरून गुण ठरवू नयेत हे वनस्पतींनाही लागू आहे म्हणायचे!

यावर एक आक्षेप हमखास येतो, तोही सुशिक्षित घरांतून. काटेरी आणि चिकाचे झाड दारात अशुभ, असे वास्तुवाले सांगतात. हे नवे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराजवळच्या काटेरी झाडाने शत्रूचे भय आणि चिकाच्या झाडाने द्रव्याचा नाश होतो असे म्हटले आहे. करवंदात काटा आणि चीक दोन्ही आहेत, म्हणजे त्या हिशेबाने हे दुप्पट अशुभ ठरले! सह्याद्रीच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या करवंदीच्या जाळ्यांमध्ये राहणाऱ्या माणसांचे दारिद्र्य त्या झाडामुळे आले नाही. उलट उन्हाळ्याच्या तोंडाला, घरात दाणा नसताना, याच झाडाने त्यांच्या हाती चार पैसे दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने असा गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क रानात राहणाऱ्यांना दिला आहे. म्हणून आमची एक विनंती आहे. रोपासाठी डोंगरावरची जाळी उपटून आणू नका. एक तर ती जगत नाही, दुसरे म्हणजे ती कोणाच्या तरी पोटाची सोय असते. मे महिन्यात त्या भगिनींकडून दोन द्रोण जास्त घ्या. एक खाण्यासाठी, एक पेरण्यासाठी.

पेरणीची रीत साधी आहे. पूर्ण पिकलेली काळी फळे पाण्यात कुस्करून गर आणि चीक धुवून काढावा. बिया एक-दोन दिवस सावलीत सुकवाव्यात. माती, शेणखत व थोडी वाळू भरलेल्या पिशव्यांत दोन-दोन बिया अर्धा इंच खोल टाकाव्यात. दुधाच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा चालतात, खाली भोके पाडून घ्यावीत. रोप सुरुवातीला फार सावकाश वाढते, त्यामुळे निराश होऊ नये. वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या जून-जुलैत जमिनीत लावावे. कुंपणासाठी दोन रोपांत तीन फूट अंतर आणि दीड फुटाचा खड्डा. मुरमाड, हलकी जमीन याला मानवते. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचते तेथे आधी मातीचा बांध घालून त्यावर लावावे, कारण दुष्काळ सोसणारे हे झाड मुळाशी तुंबलेले पाणी सोसत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. त्यानंतर नळाला पाणी येवो न येवो, त्याला फिकीर नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्त्यांना ह्याचे मोल वेगळे सांगायला नको.

छाटणी फळे उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला एकदाच करावी. फुले फांदीच्या शेंड्याकडे येतात, म्हणून हिवाळ्यात कातरी चालवली तर त्या वर्षीच्या फळांवर पाणी सोडावे लागते. फाटकाच्या अगदी लगत आणि पायवाटेवर मात्र हे झाड नको, काटा डोळ्याच्या उंचीवर येतो. तेथे कुंती लावावी आणि उरलेल्या कुंपणाला करवंद. घाई असेल त्यांनी गुटी बांधलेले कलम घ्यावे, ते लवकर फळते.

फळे हाती आली की घरातील भगिनींना, आणि पुरुषांनाही, काम मिळेल. कच्च्या करवंदाचे लोणचे आपल्याकडे होतेच; चिरताना बोटांना तेल लावले की चीक चिकटत नाही. ती आधी मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास टाकली तर चीक बराच निघून जातो. जेली करायची असेल तर पिकलेल्यांत मूठभर अर्धी कच्ची फळे घालावीत, कारण जेली घट्ट करणारे पेक्टिन कच्च्या फळात अधिक असते. बेकरीतल्या केकवर आणि गोड पावावर जी लाल चेरी असते, ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते, हे मुलांना सांगून पाहा. केक बाजूला ठेवून ती चेरीच आधी तपासतील.

ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी बिया धुतल्यापासून आठवडाभरात पेराव्यात. डबीत घालून पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवलेले करवंदाचे बी सहसा उगवत नाही.