ऊन खिशात घालायचंय? आधी गणित करा!

ट्रेकला जाताना किंवा वादळाची बातमी आली की सोलर चार्जर घ्यावासा वाटतोच. पण कोणता, किती मोठा, आणि मुळात लागतो का?

हरिश्चंद्रगडचा प्लॅन ग्रुपवर पडला की तासाभरात तीन मेसेज हमखास येतात. ‘टेंट कोण आणतंय?’, ‘मॅगीची किती पाकिटं?’ आणि ‘अरे हे बघ, सोलर पॉवर बँक, सेलमध्ये आहे!’ सोबत फोटो. हिरवंगार कुरण, तंबू, आणि दगडावर ऐटीत ठेवलेली एक काळी पाटी. खाली लिहिलेलं असतं, ‘अमर्याद चार्जिंग’.

पैसे भरण्याआधी दोन मिनिटं थांबा. कारण हल्ली गडावर फोन फक्त रीलसाठी नसतो. तोच नकाशा असतो, तोच टॉर्च, आणि कोणाचा पाय मुरगळला तर ११२ला कॉल करायचं साधनही तोच. तो तिसऱ्या दिवशी चालू असेल की नाही हे जाहिरातीवर सोडून चालणार नाही. यातलं गणित दहावीच्या पलीकडचं नाही, चला करून बघू.

त्या ‘सोलर पॉवर बँक’चं काय?

बॅटरीवर लिहिलेला एमएएचचा आकडा जरा फसवा असतो. खरा हिशोब वॅट-तासात करायचा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॅट-तास ऊर्जा येते. २०,०००वाली असेल तर ७४.

आता पॅनेलकडे या. भर दुपारच्या कडक उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. चांगलं पॅनेल त्यातली २० टक्क्यांच्या आसपास विजेत बदलतं. पॉवर बँकेच्या पाठीवरचं पॅनेल असतं फोनएवढं, समजा १५ बाय ७ सेंटिमीटर. त्यावर पडणार जेमतेम साडेदहा वॅट आणि हातात येणार दोन. म्हणजे ७४ वॅट-तासांची बँक भरायला, काहीही वाया न जाता, ३७ तास कडक ऊन हवं. आपल्याकडे चांगल्या दिवशी मिळणारं ऊन एकत्र मोजलं तर पाचेक तासांच्या कडक उन्हाइतकं भरतं. म्हणजे आठवडा गेला. त्यात उष्णतेने आणि वळवताना होणारी घट धरा, की दहा दिवस. तुमचा ट्रेक दोन दिवसांचा!

त्यात आणखी एक गोची आहे. पॅनेल उन्हात ठेवायचं तर त्याला चिकटलेली बॅटरीही उन्हात राहते, आणि लिथियम बॅटरीला तापणं अजिबात मानवत नाही. तिचं आयुष्य घटते, ती फुगू शकते. तीन-चार पाकळ्यांची, उलगडणारी मॉडेल्स थोडी बरी, कारण त्यांचं क्षेत्रफळ जास्त. पण बॅटरी उन्हात तापायचा प्रश्न तिथेही तसाच. त्यामुळे पहिला नियम हा, की पॅनेल वेगळं आणि बॅटरी वेगळी घ्यायची. पाठीवर छोटं पॅनेल असलेली बँक घ्यायचीच असेल, तर ती साधी पॉवर बँक समजून घ्या, घरच्या सॉकेटवर भरून न्या.

तुम्हाला लागतं किती?

५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. ३७ वॅट-तासांच्या बँकेतून केबल, व्होल्टेजची अदलाबदल आणि उष्णता यांत बरीच ऊर्जा जाते. फोनपर्यंत पोहोचते २५च्या आसपास. म्हणजे १०,०००ची बँक फोन दोनदा नव्हे, सव्वा वेळा भरते. बँकेच्या मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, ती वाचा. १०,०००च्या पुढे तिथे ६०००च्या आसपासचा आकडा दिसला तर दचकू नका, तोच प्रामाणिक आकडा आहे.

आता खर्चाची बाजू. फोन सगळ्यात जास्त बॅटरी कधी खातो? रेंज शोधताना. दरीत उतरलात की तो बिचारा टॉवर शोधत बसतो आणि तुम्ही काही न करताही चार्ज उतरत जातो. एअरप्लेन मोड टाका, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएस एअरप्लेन मोडमध्येही चालतं. एवढं केलं तर भरलेला फोन फोटो काढूनही आरामात दीड-दोन दिवस जातो.

म्हणजे राजगडावर एक मुक्काम किंवा कळसूबाईची रात्रीची चढाई असेल, तर सोलरची गरजच नाही. दोनशे-अडीचशे ग्रॅमची १०,०००ची बँक बास. तीन दिवसांचा रतनगड-हरिश्चंद्रगड असेल तर २०,०००ची घ्या, ती चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. वीसेक वॅटचं फोल्डिंग पॅनेल याहून जड असतं, आणि बँक सोबत लागतेच. वजनाचा हा तराजू चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पॅनेलकडे झुकतो. हिमालयातला सहा-सात दिवसांचा ट्रेक, लांबची सायकल मोहीम, वीज नसलेल्या गावातलं शिबिर या पॅनेलच्या खऱ्या जागा. दहा जणांचा ग्रुप असेल तर एकच पॅनेल वाटून वापरा, प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नाही.

पॅनेल निवडताना

पॅनेलवर ‘२१ वॅट’ किंवा ‘२८ वॅट’ लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. तिथे सेलचं तापमान २५ अंश धरलेलं असतं. उन्हात ठेवलेलं काळं पॅनेल पन्नाशी सहज गाठतं आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटत जातं. शिवाय कोन चुकतो, हवेत धूळ असते. लिहिलेल्या आकड्याच्या ६० टक्के मिळाले तरी चांगलं समजा. २१ वॅटमधून १२-१३. मोनोक्रिस्टलाइन सेलचं, एका माणसासाठी २० ते ३० वॅटचं पॅनेल पुरतं. त्याहून लहान घेतलंत तर ढग आला की संपलं. आकड्याबद्दल शंका आली तर उलगडलेल्या पॅनेलवरच्या सेलचं क्षेत्रफळ मोजा. चौरस मीटरला दोनशे-सव्वादोनशे वॅटच्या वर कोणी दावा करत असेल, तर ती थाप आहे. वहीच्या पानाएवढं पॅनेल ‘८० वॅट’ देऊच शकत नाही.

पोर्ट बघायला विसरू नका. थेट यूएसबी देणारं पॅनेल फोन आणि बँकेसाठी. फक्त १८ व्होल्टची गोल पिन असलेली मोठी पॅनेल्स पॉवर स्टेशनसाठी असतात, त्यांना फोन लागत नाही. आणि तुमची बँक आत किती घेते? जुनी बँक १० वॅटच घेत असेल तर २८ वॅटचं पॅनेल आणून काय उपयोग! मोठी बादली आणि नळ मात्र ठिबकणारा.

तिसरी गोष्ट ‘ऑटो रिस्टार्ट’. ढग आला की वीज पडते, ढग गेल्यावर चार्जिंग पुन्हा पूर्ण वेगाने सुरू व्हायला हवं. स्वस्त पॅनेलवर कित्येकदा ते होत नाही, कासवगतीनेच चालू राहतं. तसं झालं तर केबल काढून परत लावायची.

पॉवर बँकेवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. आपल्याकडे तो सक्तीचा आहे, आणि खरा की खोटा हे ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतं. स्टेशनबाहेर तीनशे रुपयांत ‘५०,००० एमएएच’ मिळत असेल तर तुम्हीच समजा. विमानाने जाणार असाल तर बँक केबिनच्या बॅगेत ठेवायची, चेक-इनमध्ये नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची एरवी चालते. २०,०००ची बँक त्यात बसते. तरी तिकीट काढलेल्या कंपनीचे नियम एकदा वाचून घ्या.

वापरायची रीत

सॅकला पाठीमागे पॅनेल लटकवून चालणारा ट्रेकर फोटोत भारी दिसतो. पण कात्राबाईच्या जंगलात झाडांची सावली, चालताना बदलणारा कोन आणि स्वतःच्याच डोक्याची सावली, यांत हाती फारसं लागत नाही. पॅनेलमधले सेल एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. एका सेलवर फांदीची सावली पडली तर अख्ख्या साखळीचा प्रवाह घसरतो. त्यामुळे जेवणाच्या थांब्याला, मोकळ्या कातळावर, नीट मांडून ठेवलेलं पॅनेल दिवसभर लटकवलेल्यापेक्षा जास्त देतं. दोन तासांत २१ वॅटच्या पॅनेलमधून पंचवीसेक वॅट-तास निघतात. घट वजा केली तर फोनचं जवळपास एक चार्जिंग.

कोन कसा साधायचा? पॅनेलवर पेन काटकोनात उभं धरा. त्याची सावली सगळ्यात आखूड होईल तसं पॅनेल वळवा, झालं. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य ५० अंशांहून खालीच असतो. पॅनेल जमिनीवर आडवं टाकलंत तर बरंच ऊन वाया जातं. मागे सॅक टेकवा आणि तोंड दक्षिणेला करा. दर अर्ध्या तासाने जरा सरकवा.

दिवसा पॅनेलवर पॉवर बँक भरा आणि रात्री बँकेवरून फोन. थेट फोन लावू नका, तो उन्हात तापतो आणि ढगागणिक चार्जिंग तुटतं. बँक पॅनेलच्या मागे, सावलीत. हिमालयात उलट काळजी. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, त्याने ती कायमची बिघडते. रात्री फोन आणि बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, सकाळी ऊब आल्यावर चार्जिंगला लावा. थंड हवेत पॅनेल मात्र खुशीत काम करतं.

वादळ, पूर आणि ‘लाईट कधी येणार?’

आता ट्रेकपेक्षा गंभीर प्रश्न. तुम्ही पुण्यात होस्टेलला, आई-बाबा श्रीवर्धनला, आणि फोन लागत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, जुलै २०२१मध्ये चिपळूण. शहरंही सुटलेली नाहीत. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई आणि परिसर अंधारात गेला, तेव्हा ऑनलाइन परीक्षा चालू होत्या.

यातल्या बहुतेक तारखा पावसाळ्यातल्या आहेत. आपल्याकडची संकटं ढग घेऊनच येतात, आणि दाट ढगाखाली पॅनेल लिहिलेल्या आकड्याच्या १० ते २० टक्केच देतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांची भिस्त सोलरवर ठेवायची नाही. हवामान खात्याचा इशारा आला की घरातल्या सगळ्या बँका, फोन, लॅपटॉप, टॉर्च पूर्ण भरून ठेवायचे. लॅपटॉपही पॉवर बँकच आहे, त्याच्या पोर्टवरून फोन चार्ज होतो. बाईकला यूएसबी सॉकेट असेल तर तेही. सेलवर चालणारा छोटा एफएम रेडिओ घरी असू द्या. टॉवरच बंद पडला तर भरलेला फोनही बातमी देणार नाही.

सोलरचं काम सुरू होतं तिसऱ्या दिवसापासून. ढगाळ हवेत २८ वॅटचं पॅनेल तीनेक वॅट देत असेल, तरी सहा-सात तासांत वीसेक वॅट-तास जमतात. घट धरूनही फोन अर्ध्याच्या वर भरतो. जपून वापरला तर तेवढ्यात रोज एकदा ‘आम्ही ठीक आहोत’ सांगता येतं. ढग फुटून दोन तास ऊन आलं तर शेजाऱ्यांचेही फोन भरतील. बँक कितीही मोठी असो, ती कधीतरी संपते. आठवडे वीज नसलेल्या गावात हाच फरक मोठा ठरतो.

पंखा, राउटर, लॅपटॉप चालवायचा असेल तर २५०-३०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन आणि ६०-१०० वॅटचं पॅनेल हा जोड आहे. तो महाग आणि जड असतो, ट्रेकला न्यायची वस्तू नाही. घ्यायचाच झाला तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा घ्या. ती वजनाने जास्त, पण दोन-तीन हजार वेळा सहज चार्ज होते आणि उष्णता बरी सोसते. कॉलेजच्या खिशाला हे झेपणारं नाही, पण घरात इन्व्हर्टरची चर्चा चालू असेल तर विषय काढायला हरकत नाही.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

• एक-दोन दिवसांचा ट्रेक: १०,०००ची पॉवर बँक. सोलर नको.
• तीन दिवस: २०,०००ची बँक, दोन केबल.
• पाच दिवसांच्या पुढे: १०,००० किंवा २०,०००ची बँक आणि २०-३० वॅटचं फोल्डिंग पॅनेल. ग्रुपमध्ये वाटून.
• कोकणातलं किंवा नदीकाठचं घर: २०,०००च्या दोन बँका, २८ वॅटचं पॅनेल, रेडिओ, टॉर्च. मे महिन्यातच तयार.
• फुगलेली बँक: वापरू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

पॅनेल घरी आलं की ट्रेकची वाट बघू नका. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता गच्चीवर मांडा, शे-दोनशे रुपयांना मिळणारं यूएसबी मीटर मधे लावा आणि खरे वॅट किती येतात ते बघा. हाताने सावली पाडा, पुन्हा बघा. आकडा फारच कमी आला तर परत करायची मुदत अजून शिल्लक असेल. कोकणकड्यावर ती नसते.