चित्रातला पेंढा

चित्र म्हणजे सपाट कापडावर लावलेला रंग, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. आन्सेल्म किफर या जर्मन चित्रकाराच्या भिंतीएवढ्या चित्रांवर मात्र रंगाबरोबर पेंढा, राख, माती, वाळू, शिसे असे काय वाटेल ते चिकटविलेले असते. हा काय चाळा, असे कोणी विचारील. प्रश्न फटकळ असला तरी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

किफर जन्मला मार्च १९४५ मध्ये. महायुद्ध संपायला दोन महिने उरले होते. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा हीच त्याची खेळणी. १९६३ साली, अठराव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळवून तो व्हॅन गॉगच्या वाटेने हॉलंडपासून दक्षिण फ्रान्समधील आर्लपर्यंत हिंडला. तिथली सूर्यफुले पुढे त्याच्या चित्रांत आली, पण वाळून, माना टाकून. १९९५ च्या ‘सोल इन्विक्टुस’ या चित्रात तर सूर्यफुलाचे खरेखुरे बीच कापडावर लावले आहे, आणि झाडाखाली एक माणूस चक्क शवासनात पडला आहे!

पण पेंढ्याचे खरे मर्म कळते ते १९८१ च्या ‘मार्गारेटे’ या चित्रात. पाउल सेलान या ज्यू कवीचे आईवडील नाझींच्या छळछावणीत गेले. त्याच्या एका कवितेत दोन स्त्रिया आहेत: सोनेरी केसांची जर्मन मार्गारेटे आणि राखेच्या केसांची ज्यू शुलामिथ. किफरने सोनेरी केसांच्या जागी पेंढा लावला. पिवळ्या रंगाने हे काम भागले नसते का? आमच्या मते नसते. रंगविलेले केस सोनेरी दिसले असते, पण पेंढा शेतातून येतो, वाळतो, आणि ठिणगी पडली की त्याची राख होते. एका स्त्रीच्या केसांपासून दुसरीच्या केसांपर्यंतचे अंतर एका काडीचे आहे, हे त्या पदार्थाच्या स्वभावातच आहे. जर्मन मनुष्याने हे आपल्याच देशाविषयी म्हणावे, याला धैर्य लागते.

आपले लोक भिंतीच्या मातीत भुसा मिसळतात तो भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून. किफरच्या चित्रांत तडे जातात, काड्या गळतात, आणि त्याला ते चालते. संग्रहालयांच्या जतनकारांना किती घोर लागत असेल, याची कल्पनाच करावी!

१९९० नंतर तो हिंदुस्थानात आला. प्रवासी देवळे पाहतो. याची नजर वीटभट्ट्यांवर खिळली. भट्टी आपणही गावाबाहेर पाहतो, आणि धूर चुकवून पुढे जातो. कच्च्या विटांचा डोंगर रचायचा, आतून पेटवायचा, विटा भाजल्या की गाडीत भरून डोंगर मोडायचा. लहानपणी पडक्या घरांच्या विटांशी खेळलेल्या माणसाला इथे उलटे दृश्य दिसले असावे: मोडायचे ते घरे उभी राहण्यासाठी. त्यानंतरच्या त्याच्या कित्येक चित्रांत मातीच्या नि वाळूच्या थरांतून विटांचे हे प्रचंड ढीग उभे आहेत. छापील पुस्तकात ते नुसते तपकिरी दिसतात. मूळ चित्र पाहण्याचा योग आला, तर समोरून पाहून झाल्यावर जरा बाजूला सरकून, भिंतीलगत उभे राहून पाहावे.