दहा माणसांची मशीद

मोहोपाड्यात आमच्या घरी आषाढ सरता सरता वाल भिजत पडतात. रात्रभर भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. खालापूर-कर्जतच्या शेतांत भात निघाला की मागे राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात, त्यामुळे वाल घरचा आणि बिरडंही घरचं. या बिरड्यावर कुणी एक कडक उपास सोडत असेल, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या उपासाचं नाव ‘बिरड्याचा रोजा’. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, तो पाळत आले. जेरुसलेमचं मंदिर इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या फौजेनं पाडलं आणि पुन्हा उभं राहिलेलं इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं. त्या दोन्ही दिवसांचं हे सुतक. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि दिवस मावळल्यावर पानात बिरडं.

समुद्रापलीकडे पडलेल्या एका दगडी देवळाची आठवण रायगडातल्या चुलीनं सांभाळली. ही गोष्ट कळल्यापासून मी आपल्या जिल्ह्यातली त्यांची प्रार्थनाघरं पाहत आलो आहे. मोहोपाड्याहून पनवेल अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर. तिथलं ‘बेथ एल’ १८४९ चं. दक्षिणेला पेणचं ‘बेथ हा-एलोहीम’ १८६३ चं. पुढे अलिबागच्या इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’, १८४८ चं आणि १९१० मध्ये नव्यानं बांधलेलं. त्याच्याही पुढे रेवदंड्याचं ‘बेथ एल’, १८४२ चं. आज आपण त्यांना सिनेगॉग म्हणतो. जुनी बेने इस्रायल मंडळी साधं ‘मशीद’ म्हणत.

घाणा, शनिवार आणि आडनाव

समाजाची परंपरा सांगते ती कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि वाहून आलेल्या इतरांना त्यांनी तिथंच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेले लोक गावोगाव पांगले आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले. शनिवारी मात्र त्यांचा बैल घाण्याला जुंपला जाईना. त्यामुळे गावानंच त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव त्यांनी आडनावात घेतलं. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, वाक्रूळचे वाक्रूळकर, अष्टमीचे अष्टमकर. हिंदी सिनेमात ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा साकारणारे डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. त्या चेऊलकरांत आपलं चौल बसलेलं आहे.

शेकडो वर्षं या समाजाकडे ना मंदिर होतं, ना पोथी, ना हिब्रू येणारा गुरू. त्यांच्याजवळ उरलं होतं ते एवढंच: शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा इस्रायल’ ही एका देवाची ग्वाही देणारी प्रार्थना. डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला तेव्हा त्यानं बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले, अशी आठवण सांगतात. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्राला चालणारे मासे नेमके तेच. राहाबीला ओळख पटली ती माशांच्या पाटीवरून.

सणांची नावंही त्यांनी मराठीतच ठेवली. वर्षारंभाला ‘नव्याचा सण’. नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवायची तो ‘खिरीचा सण’. पांढरे कपडे घालून, दार लावून, उपास करून देवाकडे क्षमा मागायची तो ‘दारफाळणीचा सण’. पुरीम हा त्यांचा सण होळीच्या सुमाराला येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. ही नावं वाचताना आपण परक्या धर्माबद्दल वाचतो आहोत असं वाटतच नाही, शेजारच्या ओटीवरचं बोलणं कानावर पडल्यासारखं वाटतं.

मशिदी उभ्या राहिल्या

बेने इस्रायलांची पहिली मशीद मुंबईत १७९६ मध्ये झाली, ‘शाआर हारहमीम’, दयेचं दार. बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैदी ‘बनी इस्रायल’ आहेत हे ऐकून टिपूच्या आईनं, कुराणात उल्लेख असलेल्या या लोकांना मारू नये, अशी रदबदली केली, असं समाजात सांगतात. सुटका झाली तर देवाचं घर बांधीन, हा नवस त्यांनी फेडला. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात.

त्यानंतर शिकण्याची लाट आली. कोचीनच्या ज्यूंनी इथं येऊन प्रार्थना आणि विधी शिकवले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. १८४६ मध्ये वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. १८७४ च्या पुण्यातल्या आवृत्तीत तर चित्रं आहेत, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्यात लुगडं नेसून बसल्या आहेत. १८८० पासून कीर्तनं सुरू झाली. बेन्जामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी अब्राहम, मोशे, योसेफ यांची आख्यानं मराठी कीर्तनाच्या घाटात उभी केली.

याच उमेदीच्या काळात, १८४२ ते १८६३ या अवघ्या एकवीस वर्षांत, रेवदंडा, अलिबाग, पनवेल आणि पेण इथल्या मशिदी झाल्या. पुण्याच्या लाल देवळाला, म्हणजे तिथल्या सिनेगॉगला, डेव्हिड ससूनसारखा बगदादी ज्यू धनवंत पाठीशी होता. कोकणातल्या या वास्तू साध्या माणसांच्या, आणि त्या तशाच दिसतात. आजूबाजूच्या घरांपेक्षा थोड्या मोठ्या, पण त्यांच्याच नात्यातल्या.

पश्चिमेकडे तोंड

आत जाताना डोकं झाकायचं. दाराच्या चौकटीवर ‘मेझुझा’ असतो, धर्मवचनांची चिमुकली गुंडाळी ठेवलेली नळी. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावतात, आपण उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतो तसं. मधोमध कठडा घातलेला चौथरा, ‘तेबा’. त्यावर उभं राहून हज्जान प्रार्थना चालवतो. समोरच्या भिंतीत पडद्याआड ‘हेखाल’, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्यांचं कपाट. त्याच्यापुढे कायम तेवायचा दिवा. एक खुर्ची एलियाहू पैगंबरासाठी राखलेली. मुलाची सुंता होते तेव्हा पैगंबर स्वतः तिथं येऊन बसतो, ही श्रद्धा. मूर्ती नाही, चित्र नाही.

हेखाल पश्चिमेच्या भिंतीत असतो, कारण कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला. म्हणजे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड समुद्राकडे, पूर्वज ज्या वाटेनं आले त्या वाटेकडे.

जेरुसलेमहून फार लांब नसलेल्या सायप्रस बेटावरही गावोगाव अशीच लहान प्रार्थनाघरं आहेत, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची. तिथल्या त्रोओदोस डोंगरातली दहा चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. बर्फ घसरून जावं म्हणून त्यांच्यावर उतरती लाकडी-कौलारू छपरं चढवलेली. आपण पावसासाठी करतो, ते त्यांनी बर्फासाठी केलं. गावात एक मुख्य चर्च, आणि शिवारात, टेकडीवर, झऱ्याकाठी छोटी चॅपेलं. एरवी ती शांत असतात. त्या संताचा दिवस आला की गाव तिकडे लोटतं.

बेने इस्रायलांचंही शिवारात असं एक ठिकाण आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्याला. तिथल्या खडकावरच्या खुणांना ‘एलियाहू हानाबीचा टापा’ म्हणतात. पैगंबराचा अग्निरथ इथून आकाशात गेला, त्याच्या चाकांच्या आणि टापांच्या या खुणा, अशी श्रद्धा. नवस फेडायला लोक मलिदा घेऊन येतात: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि भोवती फळं. ज्यू जगात हा विधी बेने इस्रायलांचाच. पोहे आपल्या भाताचे, नारळ आपल्या वाडीचा.

दहा माणसं

ज्यू परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला ‘मिनियान’ म्हणतात. दहा नसतील तर तोराची गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही, आणि मृतांसाठीची ‘कद्दिश’ प्रार्थनाही म्हणता येत नाही. घुमट, खांब, झुंबरं यांवाचून अडत नाही, माणसांवाचून अडतं.

स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि कुटुंबं निघाली. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. इथं त्यांना धर्मापायी छळ सोसावा लागला नाही, हे ती मंडळी आजही आवर्जून सांगतात. रोज प्रार्थनेत ज्या दिशेला तोंड करत आले, ती वाट मोकळी झाली म्हणून ते गेले. आज देशात चार-पाच हजार उरले, बहुतेक मुंबई-ठाण्यात. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

एके काळी माणसं होती आणि मशीद नव्हती, तरी घाण्यावर आणि चुलीवर धर्म टिकला. आता मशिदी आहेत आणि दहा माणसं जमवावी लागतात. सणासुदीला मुंबई-ठाण्याची मंडळी वाट वाकडी करून आजोबांच्या गावच्या मशिदीत येतात. प्रार्थनेआधी डोकी मोजली जातात.

मला या मोजणीनं फार अंतर्मुख केलं. आमच्या मोहोपाड्याभोवती, रसायनीच्या पट्ट्यात, गेल्या साठ वर्षांत कारखाने आले, वसाहती आल्या, कुणाची शेतं गेली, कुणी लांबून येऊन इथले झाले. गाव माणसांनी राखलं तर राहतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. मुरूड-जंजिरा पाहायला निघाल तेव्हा अलिबागच्या इस्रायल आळीत थांबा. आधी विचारून, डोकं झाकून, शांतपणे आत जा. आपल्या जिल्ह्याच्या शाळांतून मुलांना किल्ल्यांबरोबर या मशिदीही दाखवा.

त्या दहांत माझी मोजणी होणार नाही, आणि तसा माझा हट्टही नाही. पण यंदा वाल सोलताना मी घरात सांगितलं की या बिरड्यावर दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचा उपास सुटत असे, इथून हाकेच्या अंतरावर. माझ्या मुलीनं विचारलं, “मग ते आता कुठे आहेत?” मी म्हटलं, काही पनवेलला आहेत. पुढच्या शनिवारी आपण जाऊ.