नदीची जागा आणि नगराची रेषा

२६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान अडकून पडली. उल्हास नदीचें पाणी चोहोंकडे पसरलें होतें आणि दुसऱ्या दिवशीं एक हजारांहून अधिक उतारूंना नावांतून बाहेर काढावें लागलें. चौदा वर्षांपूर्वीं त्याच तारखेस, २६ जुलै २००५ रोजीं, सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता व कल्याण-बदलापूरकडील सखल वस्त्या पाण्याखालीं गेल्या होत्या. अशा वेळीं ‘नदी शहरांत शिरली’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु नदीच्या बाजूनें विचार केला तर हकीकत पुष्कळदां उलट असते. शहरच आधीं नदींत शिरलेलें असतें.

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांत सह्याद्रींत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर यांवरून कल्याणास येते. तेथून पुढें ती खाडीचें रूप घेते व ठाण्याच्या उत्तरेकडून वळसा घेऊन वसईजवळ समुद्रास मिळते. उगमाकडे उतार तीव्र, मुखाकडे जवळजवळ सपाटी, अशी तिची रचना आहे. त्यांतच भर पावसांत उधाणाची भरती आली म्हणजे डोंगरावरून येणाऱ्या पाण्यास खालून समुद्राचें पाणी थोपवून धरतें. मग शहरांतील गटारें व नाले खाडींत रिकामे होण्याऐवजीं उलटे वाहूं लागतात. पूर्वीच्या लोकांनीं हें ओळखलें होतें. कल्याणचा दुर्गाडी किल्ला खाडीकांठच्या टेकडीवर आहे. सखल भागांत मात्र भातखाचरें, खाजणें आणि तिवरांचीं वनें होतीं. तेथें पाणी आलें तरी फारसें कोणाचें बिघडत नसे.

यांतील गणित सोपें आहे. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर, म्हणजे दहा लक्ष लिटर पाणी जमा होतें. वीतभर उंचीचे बांध असलेलें खाचर, तें आधींच भरलेलें नसेल तर, तें सारें पाणी पोटांत ठेवूं शकतें. त्याच हेक्टरावर इमारती, फरसबंद अंगणें आणि कांक्रीटचे रस्ते झाले म्हणजे बहुतेक सारें पाणी थोड्याच वेळांत नाल्यावर जाऊन पडतें. नाला तेवढाच राहतो. त्याच्यावरील ओझें मात्र अनेक पटींनीं वाढतें. ठाण्यास ‘तलावांचें शहर’ म्हणतात. तेथील मासुंदा, कचराळी, उपवन यांसारखे तलाव केवळ शोभेचे नव्हेत; पावसाचें पाणी घटकाभर थोपवून धरणारीं तीं भांडीं आहेत.

येथें नगररचनेचें काम सुरू होतें. महाराष्ट्रांत नद्यांच्या कांठीं पाटबंधारे खात्याकडून दोन पूररेषा आंखल्या जातात. सरासरीनें २५ वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध. तेथें उद्यानें, क्रीडांगणें अशा मोकळ्या उपयोगांपलीकडे कांहीं असूं नये. निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित. तेथें घर बांधावयाचें तर जोतें पुराच्या पातळीहून वर घ्यावें लागतें.

‘२५ वर्षांचा पूर’ या शब्दांनीं मात्र अनेकांची फसगत होते. तो एकदां येऊन गेला कीं पुढील २५ वर्षें निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाहीं. दर वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत चार इतका असतो. त्या हिशेबानें निळ्या रेषेवरील घरांत ३० वर्षें राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर निदान एकदां भेटण्याचा संभव शंभरांत सुमारें ७० येतो. लाल रेषेवरील पुराचा संभवही त्याच मुदतींत शंभरांत २६ आहे.

भराव घालून जमीन उंच केली म्हणजे संकट टळलें, ही दुसरी गैरसमजूत. भरावानें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या दारांत जातें. वालधुनी नदी हें याचें ठळक उदाहरण होय. शके ९८२ (इ. स. १०६०) मधील अंबरनाथचें शिवालय हिच्याच कांठीं आहे, तेथून उल्हासनगरवरून ती कल्याणजवळ खाडीस मिळते. एका नगराच्या हद्दींत तिचें पात्र आंवळलें कीं पाणी तुंबतें वरच्या अंगाला, आणि वरच्या नगरानें आपलें पाणी घाईनें सोडलें कीं घरें बुडतात खालच्या नगरांत. नदीला महापालिकांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून नकाशा एकेका शहराचा नव्हे, सबंध पाणलोटाचा हवा.

कायद्याची उणीव नाहीं. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ सालचा, आणि विकास आराखड्यांस आधार देणारा महाराष्ट्राचा कायदा १९६६ सालचा. नेदर्लंड्समध्यें १९९५ सालच्या पुराच्या वेळीं सुमारें अडीच लक्ष लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्यानंतर त्या देशानें बांध केवळ उंच करीत न बसतां अनेक ठिकाणीं ते मागें सरकवून नदीला पसरावयास जागा दिली.

आपल्याकडे खरा बिकट प्रश्न रेषेच्या आंत आधींच राहणाऱ्यांचा आहे. खाडीकांठीं आणि नाल्याकांठीं बहुधा तेच लोक राहतात, ज्यांना उंचावरची जागा परवडत नाहीं. त्यांचीं घरें नुसतीं पुसून टाकणें ही नगररचना नव्हे. कामधंद्याच्या जवळ पर्यायी घर देणें हा तिचाच भाग आहे. ज्यांना निवड करतां येते त्यांनीं मात्र घर घेतांना खोल्यांच्या नकाशाबरोबर विकास आराखडा आणि पूररेषाही पाहाव्या, आणि आराखड्यावर हरकती मागविल्या जातात तेव्हां आपल्या भागांतील नाला व तलाव त्यावर शाबूत आहेत कीं नाहींत, याची चौकशी करावी. नदीची जागा कागदावर राखणें स्वस्त पडतें. पुराच्या रात्रीं तिची किंमत घराघरांतून वसूल होते.