त्रेपन्नावी जागा

ऑगस्ट महिना संपत आला कीं अमेरिकेंतील 32 व्यावसायिक फुटबॉल संघांच्या कचेऱ्यांत एक कठीण काम सुरू होतें. उन्हाळ्यांतील सरावासाठीं प्रत्येक संघाला 90 खेळाडू बाळगतां येतात. परंतु हंगामाचा पहिला सामना होण्यापूर्वी ही यादी 53 नांवांवर आणावी लागते. म्हणजे एका संघांतून 37, आणि सगळे संघ मिळून अकराशेंहून अधिक माणसें थोड्याच दिवसांत घरीं जातात. यादींतील पहिल्या चाळीस-पंचेचाळीस नांवांविषयीं फारसा वाद नसतो. वाद होतो तो अखेरच्या पांच-सात जागांविषयीं; आणि त्या जागांच्या उमेदवारांत एक माणूस हटकून असतो. तो चढाई करीत नाहीं, बचावही करीत नाहीं. चेंडू पायानें उडविला जातो त्या प्रसंगीं तेवढा मैदानांत येतो, जिवाच्या आकांतानें धांवतो आणि पुन्हां बाकावर जाऊन बसतो. अशा माणसाला जागा द्यावी कीं न द्यावी? आपल्याकडे कसोटी संघांतील अकराव्या नांवावरून घरोघरीं जसा वाद रंगतो, तसा तिकडे या प्रश्नावर रंगतो. त्या वादाचीं दोन्ही अंगें आज आपण पाहूं.

प्रथम खेळाची थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवर दिसणारा फुटबॉल नव्हे. येथें चेंडू लांबोळा असतो आणि बहुतेक वेळ तो हातांत घेऊन धांवावयाचें किंवा सहकाऱ्याकडे फेंकावयाचें असतें. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू. गोलरेषांमधलें अंतर 100 यार्ड. चेंडू ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढें सरकावें, म्हणजे त्यांना पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. खेळाडू वाटेल तितक्या वेळां बदलतां येत असल्यामुळें चढाईची फळी निराळी आणि बचावाची निराळी, अशी वांटणी झाली आहे.

या दोन फळ्यांखेरीज एक तिसरी फळी असते. तिला ‘विशेष पथक’ म्हणतात. सामन्याच्या आरंभीं, मध्यांतरानंतर आणि प्रत्येक वेळीं गुण मिळविल्यावर चेंडू पायानें उडवून प्रतिपक्षाला द्यावा लागतो. तीन प्रयत्न फुकट गेले आणि चौथाही जाईल असें दिसलें, तर चेंडू दूर उडवून देतात. त्याला ‘पंट’ म्हणतात. उभ्या खांबांमधून चेंडू उडवून तीन गुण मिळविणें म्हणजे ‘फील्ड गोल’. हीं सारीं कामें विशेष पथकाचीं. ढोबळ हिशेबानें पांच-सहा खेळींमागें एक खेळी या पथकाच्या वांट्याला येते.

या पथकांतील तीन माणसांविषयीं आज सहसा वाद होत नाहीं. एक फील्ड गोल मारणारा, दुसरा पंट मारणारा आणि तिसरा ‘लाँग स्नॅपर’. हा तिसरा माणूस खालीं वांकून, दोन पायांमधून, पंटच्या वेळीं सुमारें 15 यार्ड मागें चेंडू अचूक फेंकतो. तिघांचें काम इतकें खास आहे कीं दुसऱ्या कोणाकडून तें करवून घेणें म्हणजे शिंप्याकडून दाढी करून घेण्यासारखें आहे.

खरा वाद आहे तो चौथ्या जातीच्या खेळाडूविषयीं. कागदावर त्याचें नांव चढाईच्या किंवा बचावाच्या राखीव खेळाडूंत असतें. प्रत्यक्षांत तो त्या फळ्यांत क्वचितच उतरतो. पंटच्या वेळीं तो रांगेच्या अगदीं टोकाला उभा असतो. तेथें त्यास ‘गनर’ म्हणतात. चेंडू मागें फेंकला गेला कीं तो सुटतो. प्रतिपक्षाचा एक, कधीं दोन खेळाडू त्याला ढकलीत असतात. त्यांना चुकवून त्यानें चाळीस-पन्नास यार्ड धांवावयाचें आणि चेंडू खालीं येण्याच्या सुमारास झेलणाऱ्यापुढें उभें राहावयाचें. तो क्षणभर उशीरां पोंचला, तर प्रतिपक्ष दहा यार्ड पुढें येतो. वेळेवर पोंचला, तर कांहींच घडत नाहीं. आणि कांहीं न घडूं देणें हेंच त्याचें काम असल्यामुळें तें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. तो म्हणतो, जागा 53 आणि त्यांतही सामन्याच्या दिवशीं फार तर 48 जणांनाच मैदानांत उतरतां येतें. हा खेळ अंगाला अंग भिडविण्याचा. दर आठवड्याला कोणी ना कोणी जायबंदी होतो. अशा वेळीं ज्याला फक्त पंटमागें धांवतां येतें तो काय कामाचा? त्याच्या जागीं एखादा होतकरू तरुण ठेवला, तर दोन वर्षांनीं तो संघाचा आधारस्तंभ होईल. पैशाचा हिशेबही आहे. 2024 सालीं नवख्या खेळाडूचें किमान वार्षिक वेतन 7 लक्ष 95 हजार डॉलर होतें, तर सात किंवा अधिक हंगाम काढलेल्या जुन्या खेळाडूचें 12 लक्ष 10 हजार. शिवाय किकमागें धांवण्याचें काम बहुतेक संघांत चढाईचे व बचावाचे राखीव खेळाडूच करतात. तेवढ्याच कामासाठीं वेगळा माणूस कशाला पोसावा?

या युक्तिवादांत बरेंच तथ्य आहे. यादीच्या नियमांमुळें मात्र प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ज्याचे चार हंगाम पुरे झालेले नाहींत अशा तरुणाला सोडलें, तर इतर कोणताही संघ त्याच्यावर हक्क सांगून त्याला उचलूं शकतो. कोणी न उचललें तरच त्याला आपल्या 16 जणांच्या सराव-पथकांत ठेवतां येतें. उलट चार हंगाम पुरे केलेल्या जुन्या खेळाडूला ऑगस्टमध्यें सोडलें, तर तो लगेच मोकळा होतो आणि मर्जीप्रमाणें करार करूं शकतो. म्हणून कित्येक संघ त्या जुन्या धांवपटूलाच म्हणतात, “दोन दिवस घरीं बैस; जायबंदी खेळाडूंचीं नांवें यादींतून निघालीं कीं तुला परत बोलावूं.” तो बिचारा शब्दावर विसंबून बसतो. संघाचें साधतें; परंतु ज्याच्या घरीं बायकामुलें आहेत त्याला ते दोन दिवस किती लांब वाटत असतील, याची कल्पना करावी.

आतां दुसरी बाजू. 22 जानेवारी 2022 रोजीं ग्रीन बे या गांवीं बाद फेरीचा एक सामना झाला. यजमान ग्रीन बेच्या संघानें त्या हंगामांत साखळींतील 17 पैकीं 13 सामने जिंकले होते. पाहुणा संघ होता सॅन फ्रान्सिस्कोचा. मध्यांतरापूर्वी ग्रीन बेचा एक फील्ड गोल प्रतिपक्षानें हवेंतच अडविला. सामना संपण्यास पांच मिनिटांहूनही कमी वेळ उरला असतां, 10 विरुद्ध 3 अशी आघाडी असलेल्या ग्रीन बेचा पंटही अडविला गेला. तोच चेंडू उचलून सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूनें गोलरेषा ओलांडली आणि बरोबरी झाली. शेवटच्या क्षणीं सॅन फ्रान्सिस्कोनें फील्ड गोल मारून सामना 13 विरुद्ध 10 असा जिंकला. त्या शेवटच्या किकच्या वेळीं ग्रीन बेचे अकराच्या ऐवजीं दहाच खेळाडू मैदानांत होते! विजयी संघाच्या चढाईच्या फळीनें त्या दिवशीं एकदांही गोलरेषा ओलांडली नव्हती. वर्षभराची मेहनत ज्या ठिकाणीं बुडाली, तें ठिकाण म्हणजे हें दुर्लक्षित तिसरें पथक.

दुसरा दाखला 5 जानेवारी 2003 चा आहे. न्यूयॉर्कचा जायंट्स संघ सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एके काळीं 38 विरुद्ध 14 असा पुढें होता. अखेरीस तो 38 विरुद्ध 39 असा मागें पडला. शेवटच्या काहीं सेकंदांत फील्ड गोल मारून सामना जिंकण्याची संधि आली. परंतु त्या संघाचे नेहमींचे स्नॅपर हंगामांत जायबंदी झाले होते आणि निवृत्त झालेल्या एका 41 वर्षांच्या खेळाडूला त्याच आठवड्यांत बोलावून आणलें होतें. त्यानें मागें टाकलेला चेंडू नीट पोंचला नाहीं. किक मारतांच आली नाहीं आणि सामना गेला. एकोणीस हंगाम हेंच काम बिनबोभाट केलेला तो माणूस लोकांच्या स्मरणांत राहिला तो या एका चेंडूसाठीं. म्हणून त्याचें नांव मी येथें घेत नाहीं. या कामांत यश निनांवी असतें, अपयशाला मात्र नांव असतें.

जेथें माणसाची पारख झाली, तेथें काय घडलें तेंही पाहण्यासारखें आहे. स्टीव्ह टास्कर हा उंचीनें अवघा 5 फूट 9 इंच. 1986 सालीं ह्यूस्टनच्या संघानें त्याला सोडून दिलें आणि बफेलोच्या संघानें उचललें. तो पंटमागें असा कांहीं धांवे कीं त्याला थोपविण्यासाठीं प्रतिपक्ष दोन-दोन माणसें लावूं लागला. निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीं त्याची सात वेळां निवड झाली आणि 1993 सालीं तर त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. न्यू इंग्लंडच्या संघांतील मॅथ्यू स्लेटरची कथा याहूनही नवलाची आहे. 2008 ते 2023 असे सोळा हंगाम तो खेळला. कागदावर तो चेंडू झेलणारा चढाईचा खेळाडू. परंतु साऱ्या कारकीर्दींत त्यानें चढाईंत एकच चेंडू झेलला, तोही 2011 सालीं. तरीही निवडक खेळाडूंत त्याची निवड दहा वेळां झाली आणि त्याच्या संघानें या काळांत तीन वेळां अजिंक्यपद मिळविलें. ‘झेललेले चेंडू’ या रकान्यावरूनच त्याची किंमत केली असती, तर तो पहिल्याच वर्षीं घरीं गेला असता.

तेव्हां अशा प्रत्येक माणसाला जागा द्यावी काय? तसेंही नाहीं, कारण त्याच्या कामाची किंमत नियमांबरोबर बदलते. 2011 सालीं सुरुवातीची किक पांच यार्ड पुढून मारण्याचा नियम झाला. चेंडू सहज गोलरेषेपलीकडे जाऊं लागला आणि परतीची धांव घेण्याचें कारणच उरलें नाहीं. 2023 च्या हंगामांत अशा किकांपैकीं जेमतेम 22 टक्क्यांवर परतीची धांव घेतली गेली. जें कामच होत नाहीं, त्यासाठीं माणूस कोण ठेवील? मग 2024 सालीं नियम पुन्हां बदलला. दोन्ही पथकें समोरासमोर जवळ उभीं करण्यांत आलीं आणि चेंडू हातांत येईपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत त्यांनीं हलूं नये असें ठरलें. धांवत येऊन आदळण्यानें होणाऱ्या दुखापती कमी व्हाव्यात, हा त्यांतला हेतु. 2025 सालीं, चेंडू गोलरेषेपलीकडे उडविणाऱ्या संघाचें नुकसान आणखी वाढविण्यांत आलें आणि परतीच्या धांवा पुन्हां नित्याच्या झाल्या. त्याबरोबर हें काम जाणणाऱ्या माणसाचा भावही वधारला.

माझ्या मतें निवड करणाऱ्यानें स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हा नसेल तर याचें काम यादींतील दुसरा कोणी याच्याइतकें चांगलें करील काय? दुसरा : चालू नियमांप्रमाणें हें काम एका सामन्यांत किती वेळां करावें लागतें? तिसरा : ज्याच्यासाठीं याला काढावयाचें, तो तरुण खरोखरच इतर संघ उचलतील अशा योग्यतेचा आहे, कीं ती केवळ आपली आशा आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ आलें, तर मैत्री आणि जुनी सेवा विसरून त्याला निरोप द्यावा. तें ‘नाहीं’ आलें आणि काम वारंवार पडणारें असलें, तर तो चढाईंत वा बचावांत काय करतो हें विचारूंच नये. चौकीदाराला ‘तूं स्वयंपाक किती केलास’ असें कोणी विचारीत नाहीं.

ग्रीन बेचा संघ हा धडा शिकला. त्या पराभवानंतर त्यानें विशेष पथकासाठीं अनुभवी शिक्षक आणला, आणि 2022 सालीं कीशान निक्सन नांवाचा, बचावांत फारसें नांव नसलेला एक खेळाडू घेतला. त्या हंगामांत किकवरील परतीच्या धांवांत सर्व खेळाडूंमध्यें अधिक यार्ड त्यानेंच मिळविले. पुढें तो बचावाच्या फळींतही नियमित खेळूं लागला. अखेरची म्हणून जी जागा त्याला मिळाली, तीच त्याला पुढचें दार ठरली.

श्रोतेहो, कोणत्याही घरांत, कचेरींत वा संस्थेंत असा एखादा माणूस असतो. तो कोणतें काम करतो हें त्याच्या रजेच्या दिवशींच सर्वांना कळतें. त्याची किंमत ठरवितांना, तो असतांना काय दिसतें याबरोबर तो नसतांना काय बिघडेल हेंही पाहावें. त्रेपन्नाव्या जागेवर बसलेल्या त्या धांवपटूची मागणी एवढीच आहे, आणि ती मला न्याय्य वाटते.