प्रश्न मुदतीचा आहे

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणारे तान्हे मूल दूध पिताना चार घोटांतच धापा टाकू लागते, कपाळावर घाम डवरतो आणि वजन महिनोन्महिने वाढत नाही, तेव्हा घरची वडीलधारी माणसे दृष्ट काढतात व गल्लीतला दवाखाना खोकल्याचे औषध देतो. यात कोणास बोल लावावा असे नाही, कारण हजारांत आठ-नऊ बालकांस जडणाऱ्या जन्मजात हृदयविकाराची पहिली खूण बहुधा एवढीच असते.

इकोत ‘हृदयाला छिद्र’ निघाले की ऑपरेशन करावे की नाही, हाच प्रश्न आईबापांस पडतो. वस्तुतः विचारावयाचे असते ते मुदतीबद्दल. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते व तेथे नियमित तपासणीची तजवीज पुरते. परंतु हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील मोठ्या छिद्रातून फुप्फुसांकडे अतिरिक्त रक्त जोराने जात राहिले, तर तेथील रक्तवाहिन्या हळूहळू कठीण होतात, आणि मग, ही या व्याधीची सर्वांत कपटी चाल, तो लोंढा ओसरल्यामुळे मुलाची धाप उणावते, ते बाळसे धरते, ‘आता कशाला चिरफाड?’ असे आजी म्हणते, आणि नेमकी तेव्हाच शस्त्रक्रियेची वेळ टळत असते. म्हणून असे छिद्र साधारणतः पहिल्या वर्षातच बुजवितात. रडताना ओठ निळे पडणाऱ्या मुलांचा विकार निराळा. १९४४ साली बाल्टिमोर येथे हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी अशा बालिकेवर शस्त्रक्रिया करीपर्यंत त्यावर इलाजच नव्हता.

संमतिपत्रावर सही करताना बापाचा हात थरथरतो, ते स्वाभाविकच आहे. धोका शून्य असे कोणताही प्रामाणिक सर्जन सांगणार नाही. पैशाची धास्ती मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. बालकांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अशा शस्त्रक्रियांस मंजुरी मिळते. परळचे वाडिया बालरुग्णालय आणि केईएम तर आहेतच, शिवाय खारघरला ही शस्त्रक्रिया विनामूल्य करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. उरतो तो मागावरचा खाडा आणि बुडालेली मजुरी. त्याची भरपाई कोणत्याही दप्तरात नाही, हे सरकारला खटकावयास हवे.

तपासणीस जाताना शिधापत्रिका व बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवावा, आणि ‘किती महिने थांबता येईल?’ याचे उत्तर डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.