गौरीची रात्र आणि टीव्हीची वेळ

टीव्ही आला आणि गणपतीतली मजा गेली, असं पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडे सर्रास ऐकू येतं. गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर ही तक्रार अर्धीच खरी ठरते. प्राणप्रतिष्ठा, आरती, विसर्जन यांना टीव्हीने हात लावला नाही, आणि लावायला गेला असता तरी ते त्याला जमलं नसतं. त्याने घेतली ती सणातली सैल वेळ, म्हणजे जेवणं उरकल्यानंतरची रात्र. ती रात्र मुख्यतः बायकांची होती. त्यामुळे सण बुडाला का, हा प्रश्न बाजूला ठेवून सणातली कुणाची वेळ गेली, असं विचारायला हवं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सिंहगडावरून सहक्षेपण होऊ लागलं. वेल्ह्याहून सिंहगड जवळ, पण टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की अडतात. तोरणा 1,403 मीटर उंच. त्याच्या आणि राजगडाच्या आडोशाला वसलेल्या वाड्यांना मनोरा जवळ असून उपयोग नव्हता. चित्र दिसायचं ते मुंग्यांतून. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं आणि खेडोपाडी रविवारची सकाळ बदलली. एकाने कौलांवर चढून अँटेनाचा बांबू फिरवायचा, खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं, आता हलवू नको’ म्हणून ओरडायचं, आणि वीज गेलीच तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. गणपतीच्या दहा दिवसांत एक तरी रविवार येतोच. त्या रविवारी घरची पूजा साडेनऊच्या आत उरकली जाई, इतकंच. ऑक्टोबर 1988 ते जून 1990 या काळात ‘महाभारत’नेही आठवड्यातला तेवढाच वेळ मागितला. आठवड्याच्या मालिकेशी जुळवून घेणं घराला जड गेलं नाही.

उलट त्या काळात सणानेच टीव्हीला आपल्या दावणीला बांधलं. गावातलं मंडळ वर्गणीतून एका रात्रीसाठी ‘व्हिडिओ’ आणायचं: भाड्याचा रंगीत संच, व्हीसीआर आणि दोन-तीन सिनेमांच्या कॅसेट. मांडवापुढे पोती अंथरून अख्खी आळी पहाटेपर्यंत बसायची. आरती झाल्याशिवाय कॅसेट लागत नसे. पडदा कुणाचा आणि वेळ कुणाची हे मंडळ ठरवायचं, वाहिनी नव्हे. पण तेव्हाही गौरीची रात्र वेगळी असायची. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप नाचवणं, घागर फुंकणं हे सगळं घरात चालायचं आणि त्याला विजेची गरज नव्हती.

खरा पालट झाला तो रोजच्या मालिकांनी. अल्फा मराठी 1999 मध्ये आली, ई टीव्ही मराठी 2000 मध्ये, आणि 2004 पासून ‘होम मिनिस्टर’ या रोजच्या कार्यक्रमाने दिवेलागणीची वेळ धरली. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत केबल ओढणं परवडणारं नव्हतं. तिथे छत्रीने काम केलं. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवाही 2004 च्या डिसेंबरातच सुरू झाली. सिंहगडाच्या मनोऱ्याला जे अडवत होते, ते डोंगर उपग्रहाला अडवू शकले नाहीत. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. त्यांना वार ठाऊक नाही. मालिका मात्र सोमवार ते शनिवार ठरल्या वेळी लागते. ब्रिटनमध्ये राजघराण्याचं नाताळचं भाषण 1932 पासून रेडिओवर आणि 1957 पासून टीव्हीवर आहे. नाताळ दर वर्षी 25 डिसेंबरलाच, भाषण दुपारी तीनला. म्हणून ते भाषणच सणाचा भाग झालं आणि जेवणाची वेळ त्याच्याभोवती बसली. आपल्याकडे तिथी हलती आणि कार्यक्रम स्थिर. मग तडजोड कुणी करायची? स्वयंपाक, नैवेद्य, पाहुणे सांभाळून जी बाई नऊला मोकळी होत होती, तिनेच.

यावर पहिला आक्षेप असा, की झिम्मा-फुगडी टीव्हीने नव्हे, स्थलांतराने थांबवली. यात तथ्य आहे. भोर-वेल्ह्यातली तरणी माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. पण गौरी-गणपतीत तीच माणसं परत येतात आणि घर भरतं. भरलेल्या घरातही रात्र रिकामी राहत असेल, तर एकट्या स्थलांतराला दोष देता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मालिकांनीच मंगळागौरीचे खेळ पुन्हा घरोघर दाखवले. दाखवले, हे खरं. पण खेळ पाहणारी वेगळी आणि खेळणारी वेगळी. तिसरा आक्षेप म्हणजे पुरुषांचीही वेळ गेलीच की. गेली, पण त्यांना सवलत मिळाली. 24 सप्टेंबर 2007 ला भारत-पाकिस्तान टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आरती सामन्याच्या मध्यंतरात बसवावी, असं त्या संध्याकाळी कुणी सुचवलं तर त्यात कुणालाही वावगं वाटलं नसतं. मालिकेसाठी नैवेद्य अर्धा तास पुढे ढकला, असं म्हणण्याची सोय सुनेला कधी नव्हती. तिच्यासाठी वाहिनीने दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण ठेवलं. घराने काहीच ठेवलं नाही.

2020 च्या चैत्रात कोरोनाच्या टाळेबंदीने गावोगावच्या यात्रा रद्द झाल्या, मालिकांचं चित्रीकरण थांबलं आणि 28 मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा लागलं. 2 एप्रिलची रामनवमी त्यातच आली. एकत्र बसून पाहणं तेव्हा थोडे दिवस परतलं. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, भाग हवा तेव्हा पाहता येतो, म्हणजे वेळेची अडचणच उरलेली नाही. तरीही गौरीची रात्र आपोआप परत आलेली नाही, कारण मोकळी झालेली वेळ ज्याच्या त्याच्या पडद्यात गेली. टीव्हीला शिव्या देऊन हे सुधारणार नाही. पूजेची वेळ घर जितक्या कसोशीने पाळतं, तितक्याच कसोशीने गौरीपूजनाच्या रात्रीचे दोन तास पाळावेत: जेवणानंतरची भांडी पुरुषांनी घासावीत, पडदे बंद ठेवावेत आणि फुगडी कुठे घालायची ते घरातल्या बायकांना ठरवू द्यावं.